पाऊणकाकू

पाऊणकाकू कुणाच्याही घरी गेल्या, की बसायच्या आधी त्यांचा हात नळावर जायचा. पाय धुण्याचं निमित्त करून त्या अंगणातल्या नळाकडे वळायच्या, तोटी पूर्ण उघडायच्या आणि नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरायच्या. पाणी अंगठ्याला किती जोरानं मागे ढकलतं, हे बघत डोळे बारीक करून क्षणभर उभ्या राहायच्या. घरातली बाई दारात ताटकळत असायची. मग तोटी बंद करून त्या निदान सांगायच्या, "तुमच्या नळात जोर नाई." आवाज असा, की जणू घरातल्या कुणाचं तरी दुखणंच सांगताहेत. माझ्या आईला या सवयीचा फार राग होता. "येते आपल्याच घरी, अन आपलीच परीक्षा घेते," असं ती म्हणायची.

वर्ध्याजवळ सेलूला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं. मधली भिंत सामाईक. काका एस.टी.त ड्रायव्हर होते, आर्वी डेपोला. ते गेल्यावर काकूंनी घरामागच्या मोकळ्या जागेत हिरवी जाळी ताणून रोपवाटिका सुरू केली. लिंबू, पेरू, शेवगा, मोगरा, गुलाब. एकुलता एक मुलगा पुण्याला. वावर दीर कसायचे आणि येईल तो कापूस दोघांत वाटून घ्यायचे. बाकी सारा दिवस काकू आणि त्यांची रोपं. एखादं माणूस नुसतं मोगऱ्याचं रोप घ्यायला यायचं, तर त्याला आधी उलटतपासणीला उभं राहावं लागे. नळ कुठे आहे, टाकी किती उंच आहे, झाड नळापासून किती लांब लावणार, पाईप कोणता आहे? "आधी नळ पाहा, मंग अंतर पाहा, अन मंग पाईप घ्या," त्या सांगायच्या. "लोक उलटं करतात. दुकानात जातात, रंग पाहतात, अन हिरवा पाईप घेऊन येतात." दारातल्या चार कुंड्यांसाठी अर्ध्या इंचाचा पाईप पुरतो, एक इंची म्हणजे वावरातलं काम, आणि घरच्या बागेला पाऊण इंच, असा त्यांचा ठाम हिशेब. 'पाऊण घ्या' हे इतक्या वेळा ऐकलं, की गल्लीनं त्यांचं नावच पाऊणकाकू पाडलं. त्यांना ते माहीत होतं. चालायचं.

पाईप लांब असला म्हणजे चांगला, हे त्यांना कुणी सांगितलेलं खपायचं नाही. "पानी चालून चालून थकते बापा, मानसासारखंच. लांब पाईप अन थोडा नळ, म्हंजे तिकडच्या टोकाले रडू निंगते नुस्तं." एकदा एका नव्या लग्नाच्या जोडप्यानं ऑनलाइन मागवलेला, पाणी सोडलं की फुगून लांब होणारा पाईप त्यांना कौतुकानं दाखवायला आणला. काकूंनी तो दोन बोटांत धरून उचलला. "हा पाईप हाये का सापाची कात?" त्या मुलीचं तोंड उतरलं. काकूंनी तिला गुलाबाचं एक रोप फुकट दिलं, पण मत काही बदललं नाही.

त्यांचं नेहमीच बरोबर यायचं असंही नाही. रोपवाटिकेच्या पहिल्याच वर्षी त्या हिंगणघाटहून एक इंची जाड पाईप घेऊन आल्या होत्या. मोठा पाईप, मोठी धार, असा विचार. पाण्यानं भरल्यावर तो इतका जड झाला, की ओढता ओढता त्या वाफ्यात आडव्या पडल्या, आणि पाईप मिरचीच्या कोवळ्या रोपांवरून अजगरासारखा सरकत गेला. एक वाफा सपाट. भिंतीवरून आम्ही सगळे बघत होतो. बाबा मोठ्यानं हसले. काकू चिखलातून उठल्या, पदर झटकला आणि बाबांकडे बघून म्हणाल्या, "हसून घ्या दादा. शिकाची फी भरून राह्यली मी."

बाबांचं आणि त्यांचं हे असं होतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, हसरे, बोलघेवडे. मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. मी नागपूरची नोकरी सोडून घरी आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाबांसमोर बसणं जड जायचं. दोन मिनिटं चुळबुळ करायचे आणि निघायचे. काकू मात्र रोज चार वाजता यायच्या, खाटेजवळ पाट ओढायच्या आणि अर्धा तास बोलत राहायच्या. कोणत्या पेरूला कीड लागली, कोण लिंबू म्हणून ईडलिंबू घेऊन गेलं. उत्तराची त्यांना गरजच नसायची. बाबा 'अॅ' असा एक घशातला आवाज काढायचे. तो आवाज ते दुसऱ्या कुणासाठी काढत नसत. काकू म्हणायच्या, "पाहा, हो म्हनून राह्यले."

आणि मग तो उन्हाळा आला.

नळ एक दिवसाआड येऊ लागला, तोही करंगळीएवढा. आमचा हंडा भरायला अर्धी सकाळ जायची. भिंतीपलीकडे मात्र काकूंचा नारिंगी पाईप वाफ्यांतून फिरताना दिसायचा. आईनं आठवडाभर ते पाहिलं आणि एका सकाळी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, तुमचा जाडा पाईप साऱ्या गल्लीचं पानी ओढून राह्यला."

काकूंनी वर पाहिलं. "पाईप पानी ओढत नाई सुमनबाई. मोटर ओढते. अन माही मोटर विहिरीवर हाये, नळावर नाई. येऊन पाहून घ्या."

"मले नका शिकवू. आमच्या नळाले धार नाई, अन तुमच्या मोगऱ्याले पाट वाहून राह्यला."

"पाहून घ्या म्हनलं ना मी."

"मले काय पाहाचं? दिसून नाई राह्यलं का?"

आई बघायला गेली नाही. काकूंनीही दुसऱ्यांदा बोलावलं नाही. त्या दिवसापासून चार वाजता दार वाजेनासं झालं. मी आईला एकदा म्हटलं, की विहिरीचं पाणी असेल खरंच. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी हंडा उचलून आत गेले. आई आणि काकू अंगणात एकाच वेळी आल्या, तर एक आत जायची. भांडी आपटायचे आवाज वाढले. चार वाजले की बाबा मान वळवून भिंतीकडे बघत पडायचे. पलीकडून काकू रोपांशी बोलायचा आवाज येई. तो नेहमीपेक्षा जरा मोठा असायचा, असं मला वाटायचं.

त्या सामाईक भिंतीला लागूनच काकूंची टिनाची खोली होती. त्यात त्या वर्षीचा कापूस भरून ठेवलेला. भाव चढेल म्हणून दिरांनी थांबवलेला, छतापर्यंत. आमच्या बाजूला त्याच भिंतीशी बाबांची खाट. आमच्या त्या खोलीवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, खाली आधाराला लाकडाचे फाटे आणि बांबू, उन्हानं कडकडीत सुकलेले.

वैशाखातली दुपार होती. आई बाबांची औषधं आणायला वर्ध्याला गेली होती. मी बाबांना चमच्यानं ताक पाजत होते. जळक्या कापडाचा वास आला. इस्त्री चालू राहिली की काय म्हणून मी उठले, पण लाईन तर सकाळपासून येत-जात होती आणि इस्त्री बंदच होती. येताना सहज भिंतीला हात लागला. भिंत तव्यासारखी तापली होती.

मी बाहेर धावले. काकूंच्या टिनाखालच्या फटींतून पांढरा धूर दाबून कोंबल्यासारखा बाहेर येत होता. मी ओरडले. बघता बघता माणसं जमली, पण सगळी काकूंच्या फाटकाशी, पलीकडच्या गल्लीत. आमचं दार इकडच्या बाजूला. वायरीतून ठिणगी पडली असावी, असं पुढे सगळे म्हणाले. नक्की कुणालाच कळलं नाही. कुणीतरी धावत जाऊन लाईन बंद करायला लावली, आणि काकूंच्या विहिरीवरची मोटर मेली. वर्ध्याहून आगीची गाडी यायला वेळ लागणार होता. उरल्या बादल्या, आणि काकूंच्या स्लॅबवरची टाकी.

मी आत आले. बाबांच्या काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. बाबा अंगानं भारी, आणि अर्धं अंग मातीसारखं. ते खाटेवरून अर्धे सरकले आणि मी खाली बसले. वर पाहिलं, तर कोपऱ्यातल्या कवेलूंच्या फटींतून धूर आत उतरत होता. एका बांबूच्या टोकाला लाल ठिपका दिसला. मी हाका मारत होते, पण बाहेरच्या गोंगाटात माझा आवाज कुठे पोचणार? बाबांनी डाव्या हातानं मला ढकललं. दाराकडे. पुन्हा ढकललं. तू जा, असं. मी नाही म्हणाले. त्यांनी तिसऱ्यांदा ढकललं, तेव्हा मला त्यांचा राग आला, आणि मी त्यांचा तो हात घट्ट धरून ठेवला.

त्या वेळी भिंतीपलीकडे काय चाललं होतं, ते मला नंतर चारचौघांच्या तोंडून कळलं.

काकूंनी टाकीच्या नळाला पाऊण इंची पाईप लावला होता. दीर टिनाच्या खोलीचं दार लाथेनं उघडून ओरडत होते, "वैनी, इकडं! कापसावर मारा!" काकूंनी दारातून आत एकदा पाहिलं. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्या वळल्या.

"वैनी, काऊन तिकडं जाता? कापूस जाऊन राह्यला ना!"

"गेला थो," काकू म्हणाल्या. "तिकडं दादा हायेत. मानूस हाये तिथं."

पण पाईप आमच्या छताजवळच्या भिंतीपर्यंत पोचेना. वाफ्यांच्या कडेकडेनं, जाळीच्या खांबांना वळसे घेत तो टाकला, तर हातभर कमी पडायचा. कुणीतरी अर्ध्या इंचाचा तुकडा आणून जोडायला लागलं. काकू त्याच्यावर खेकसल्या, "बारीक नको लावू! पानी तिथंच मरते." आणि त्यांनी पाईप उचलला तो सरळ वाफ्यांमधून ओढला. लिंबाची रोपं, पपईच्या पिशव्या, दोन वर्षं वाढवलेले गुलाब, सगळं पायाखाली घेत, सरळ रेषेत. "मुरड पडू देऊ नका! मुरड पडली तं सोडनार नाई कोनाले!" दोन बाया रोपं तुडवत पाईप सरळ धरून उभ्या राहिल्या. काकूंनी भिंतीशी ड्रम उपडा केला, त्यावर चढल्या, आणि तिथून भिंतीवर. साठी उलटलेली बाई, एका बाजूला जळती खोली, एका हातानं आमच्या कवेलूंची कड धरलेली. उंच चढलं की टाकीच्या पाण्याचा जोर अजून कमी होतो. धार कवेलूंच्या खालच्या रांगेपर्यंतच पोचत होती. त्यांनी पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि धार कोपऱ्यावर नेली.

आत, आमच्या डोक्यावर, तापल्या कवेलूंवर पाणी पडल्याचा चर्र असा आवाज झाला. मी घाबरले, छतच आलं असं वाटलं. मग फटींतून पाणी गळायला लागलं. काळं, राखेचं, कोमट पाणी. ते बाबांच्या कपाळावर पडलं, गालावरून ओघळलं. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. आणि मग त्यांनी घशातून तो आवाज काढला. 'अॅ'. भिंतीकडे बघत.

भिंतीवरून काकूंचा आवाज आला, "पोरी, दादा कुठी हायेत?"

"खाटेवर! मले उचलत नाई काकू!"

"थांब. हलू नको. पानी हाये अजून." आणि मग दुसरीकडे वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "भाऊजी! बादली टाका! पयले मानूस काढा!"

दीर क्षणभर जळत्या दारासमोर तसेच उभे राहिले होते म्हणे. त्या कापसात त्यांचा निम्मा वाटा होता. मग बादली टाकून ते धावले, वळसा घालून आमच्या दारानं आत आले, मागून आणखी तिघं. बाबांना चादरीसकट उचललं. आम्ही रस्त्यावर पोचलो, आणि मागे कोपऱ्यातला एक फाटा कवेलूंसह खाली आला. खाटेच्या उशाशी. एवढंच. बाकी छत ओलं होतं, त्यानं पेट घेतला नाही.

आगीची गाडी आली तोवर टाकी रिकामी झाली होती. काकू भिंतीवरून उतरल्या, म्हणजे त्यांना उतरवावं लागलं. डाव्या तळहाताची सालं निघाली होती, तापल्या कवेलूनं. कापूस दोन दिवस आत धुमसत राहिला. गल्लीत दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काकूंनी आधी कापसावर पाणी मारलं असतं तर अर्धा तरी वाचला असता, असं दीरही चिडून म्हणाले. काकू एवढंच बोलल्या, "वाचला असता, नसता, कोनाले मालूम? वावर जाग्यावर हाये." दिरांनी त्यांच्याशी महिनाभर धड बोलणं केलं नाही. ते काकूंना लागलं होतं. दिवसभर वाफ्यांतल्या मोडक्या रोपांशी त्या एकट्याच बसायच्या, आणि आता तिकडून बोलण्याचा आवाज येत नसे.

आगीच्या दिवशी आई वर्ध्याहून आली ती संध्याकाळी. सगळं ऐकलं, बाबांच्या अंगावरून हात फिरवला, आणि त्याच पावली काकूंच्या घरी गेली. मी मागोमाग. मला वाटलं, ती रडेल, पाया पडेल. दारात उभी राहून आई म्हणाली, "हात दाखवा."

काकूंनी हात पुढे केला. आईनं घरून आणलेलं मलम लावलं, मऊ फडकं बांधलं. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.

"सुमनबाई," काकू शेवटी म्हणाल्या, "टाकी पूर्न खाली झाली. लाईन नाई, मोटर नाई. जी रोपं उरली, थी उद्या उन्हात मरतीन. तुमच्या नळाचं पानी भेटन का?"

आईनं मान खाली घातली. मग म्हणाली, "भेटन. पन आमच्याकडं पाईप नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतः बाजारात गेली आणि पाईप घेऊन आली. हिरवागार, चकचकीत. काकूंनी बांधलेल्या हातानंच त्याचं तोंड धरून डोळ्यासमोर नेलं. "हा तं अर्ध्या इंचाचा हाये."

"दुकानदार म्हने, हाच चालते."

"त्याच्या दुकानात चालत असन. तुमच्या नळाले जोर किती, अन माह्या वाफ्यापोवतर अंतर किती, थे त्याले मालूम हाये का?" आणि मग, आईचा चेहरा बघून, "राहू द्या. हा मोगऱ्याले लावू. जवळच हाये मोगरा."

आईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिका पुन्हा हिरवी झाली. दीर हळूहळू बोलायला लागले. चार वाजता दार वाजू लागलं. पण काकूंचे गुडघे त्या दिवसानंतर कुरकुरत होते, आणि दोन वर्षांत त्यांना वाफ्यात बसणं अशक्य झालं. मुलगा पुण्याहून न्यायला आला. उरलेली रोपं त्यांनी गल्लीत वाटली. प्रत्येकाला रोप दिलं, त्याबरोबर चार शब्द ऐकवले.

जायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. काकू बाबांना भेटायला आत आल्या, पाट ओढला आणि बसल्या. "येते दादा," एवढं म्हणून त्या उठायला लागल्या, तर बाबांनी डाव्या हातानं त्यांचा पदर धरला. मूठ आवळली. काकू पुन्हा बसल्या.

मुलगा दारात येऊन उभा राहिला, हातात मोबाइल. "आई, वर्ध्याहून गाडी सुटेल ना."

"सुटू दे."

"आई, रिझर्वेशन आहे."

"पाहून राह्यला ना तू? बस थोडा."

तो उंबऱ्यावर बसला. आई चहा करायला गेली आणि चहा तसाच ठेवून परत आली. काकू हळूहळू बोलायला लागल्या. पेरूचं झाड कुणाला दिलं, कुणाच्या अंगणात जाईल, तिथं ऊन कसं आहे. बाबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले, घोरणं सुरू झालं आणि मूठ सैल पडली. काकूंनी पदर सोडवून घेतला नाही. तो आपोआप निसटेपर्यंत बसून राहिल्या. मग भिंतीचा आधार घेत उठल्या आणि मागे न बघता रिक्षात जाऊन बसल्या.

त्यांची गाडी चुकली. मुलानं दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन करून सांगितलं, की पुढच्या गाडीसाठी त्यांना वर्धा स्टेशनवर कितीतरी वेळ बसावं लागलं. मी ओशाळून विचारलं, "काकूंना खूप त्रास झाला असेल ना?"

"नाही हो," तो म्हणाला. "मीच चिडलो होतो. तिला म्हटलं, आता काय करायचं इतका वेळ? तर म्हणाली, दादा झोपले ना, मग मी पण झोपते. आणि झोपली की तिथेच, बाकावर."